तीन वर्षं मी खोटी बाहेर बसले

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिण्यात चुका होतील, ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणारीने माफ करावं. वाचणारी असं लिहिलं, कारण हे कुणा बाईनेच वाचावं असं मला वाटतं. माझी मुलगी प्राची हिची ही भूगोलाची जुनी वही आहे. मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आणि कपाटात साड्यांखाली ठेवते.

मी आधीपासूनच लाजाळू. दुकानात चार पुरुष उभे असले तर मीठसुद्धा न मागता परत येते. म्हणून जे तोंडाने कधी सांगता आलं नाही ते पहिल्याच पानावर लिहून टाकते. मला मूळव्याध होती. आमच्याकडे कोंब म्हणतात. एवढा एक शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. तोंडाने सांगायला तीन वर्षं लागली.

*

आमचं गाव श्रीवर्धन आणि बोर्ली पंचतनच्या मधे आहे. घरात मी, सासूबाई आणि प्राची. प्राचीचे बाबा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतात, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतात. हंगामात मी सुपारी सोलायला जायची. बागायतदाराच्या अंगणात सात-आठ बायका मांडी घालून बसायच्या, समोर पातं, बाजूला सुपारीचा ढीग. सकाळी बसलं की जेवायलाच उठायचं. जितकी सोलाल तितके पैसे, म्हणून कुणी पाय मोकळे करायला उठत नसे.

आधी नुसती खाज आणि आग होती. मला वाटलं उष्णता झाली. सब्जा प्यायले, कोकम प्यायले. मग संडासला गेल्यावर लाल थेंब दिसायला लागले. मग द्राक्षाएवढं काहीतरी बाहेर यायला लागलं. आधी ते आपोआप आत जायचं, पुढे बोटाने ढकलावं लागायचं. हे लिहिताना कान तापले आहेत, पण कुणाला असंच होत असेल तर तिला कळावं म्हणून लिहिते.

संडासला जायची इतकी भीती बसली की मी जेवण कमी केलं. कमी खाल्लं तर कमी जावं लागेल, असा माझा हिशोब. पाणीही कमी प्यायची, कारण सुपारीच्या अंगणात बायकांना जायला आडोसा नव्हता. त्याने सगळं आणखी घट्ट झालं आणि दुखणं वाढलं. चूक माझी होती, पण ती चूक आहे हे सांगायला कुणाला ठाऊक तरी हवं होतं ना.

सकाळी मी आत बसलेली असायची आणि बाहेरून प्राची दार वाजवायची. आई, माझी एसटी जाईल. मी आतून म्हणायची, झालं, आलेच. झालेलं काहीच नसायचं.

*

खोटं बोलायला मी सुरुवात केली नाही. ते माझ्यासाठी दुसरंच कुणी बोललं, मी फक्त व्हय म्हटलं.

त्या दिवशी सोलता सोलता शेजारची शालन हळूच म्हणाली, "वनिता, तुझ्या पातळाला बघ मागं. बाहेरची झालीस ना गं?"

मी मागे हात लावला. ओलं होतं. बायका बघत होत्या. मी म्हटलं, व्हय.

मी घरी पोचायच्या आत निरोप पोचला होता. आमच्या घरात अजून पाळतात. तीन दिवस मागच्या पडवीत चटई, वेगळं ताट, चुलीला आणि देवाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन आत. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, मागनं ये. माझी खरी पाळी होऊन दहाच दिवस झाले होते. मी मागून गेले आणि चटईवर बसले.

तिथे एक गोष्ट झाली ती खरी लिहिते. मला बरं वाटलं. तीन दिवस सुपारीला जायचं नव्हतं, मांडी घालून बसायचं नव्हतं. कुशीवर पडून राहिले तर कुणी काही विचारत नव्हतं. फडकी धुऊन मागे वाळत घातली तर कुणी बघत नव्हतं. दुखणं लपवायला याच्याहून चांगली जागा आमच्या घरात दुसरी नव्हती.

मग जास्त रक्त गेलं की मी बाहेर बसायला लागले. महिन्यात एकदा खरी, एकदा खोटी. असं जवळजवळ तीन वर्षं चाललं.

मी बाहेर असले की स्वयंपाक सासूबाईंवर. गॅस आहे, पण भाकरी त्यांना चुलीचीच लागते, आणि चूल जमिनीवर. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. चुलीपुढून उठताना एक हात भिंतीला आणि एक जमिनीला टेकायच्या. मी पडवीतून बघायची. उठून धरावंसं वाटायचं, पण शिवता येत नव्हतं. आणि शिवता येत नव्हतं ते माझ्याच खोट्यामुळे.

एकदा गणपतीतही मी अशीच मागे बसले. आरती ऐकत होते. प्राचीने खिरापत आणून लांबून चटईवर ठेवली.

*

सासूबाई कॅलेंडरवर दुधाचा हिशोब ठेवतात. त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आधी टोमणे. "तुझं कॅलेंडर न् माझं कॅलेंडर एकच हाय ना गं?" मग शेजारणीला सांगून झालं की हिची पाळी जायच्या वयात बिघडली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. तोंड पांढरं पडलं होतं, विहिरीवरून कळशी आणताना दोनदा खाली बसले. शेवटी त्यांनीच मला हाताला धरून बायकांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं.

त्या बाईंचा काही दोष नाही, हे आधी सांगते. त्यांनी नीट विचारलं. किती दिवसांनी येते, किती जातं, गाठी पडतात का. मी खाली बघत होते आणि सासूबाई माझ्या वतीने सांगत होत्या. महिन्यात दोनदा येते, तीन वर्षं असंच हाय, पातळं भिजतात. सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आणि सगळं खोटं. रक्त तपासलं तर सहाच्या खाली. पोटाच्या फोटोत गर्भपिशवीवर एक छोटी गाठ दिसली. बाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, पण एवढं रक्त जात असेल तर पिशवी काढलेली बरी.

आधी दोन बाटल्या रक्त चढवलं. ह्यांनी मालकाकडून पगाराची उचल घेतली होती, ती त्यात आणि दवाखान्यात भरायच्या पैशांत गेली. ऑपरेशनचा दिवस ठरला.

त्या दिवसांत मी काय विचार करत होते ते आठवलं की अंगावर काटा येतो. पिशवी काढल्यावर पाळी जाणार. मग रक्त आलं तर सासूबाईंना काय सांगू, याची मला काळजी लागली होती. पिशवी काढू नका असं सांगावं, हे मनात आलंच नाही.

*

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी पोट साफ करायला एनिमा देतात. मला ते माहीत नव्हतं. नसीमा सिस्टर नळी आणि भांडं घेऊन आल्या, पडदा ओढला आणि कुशीवर वळायला सांगितलं. चाळिशीच्या, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, हात मऊ. मी वळले. त्यांनी नुसता हात लावला आणि मी पलंगाची कड इतकी घट्ट धरली की नखं वाकली.

त्यांनी नळी बाजूला ठेवली.

"हे कधीपासून आहे?"

"तीन वर्षं."

"बाईंना सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग रक्त कुठून जातं तुझं? इथून का पुढून?"

"इथूनच."

"आणि पाळी?"

"महिन्याला एकदा. नीट येते."

त्या स्टुलावर बसल्या. पुटपुटत अल्लाचं नाव घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, उद्या सकाळी तुझी पिशवी काढणार आहेत."

"माहीत आहे."

"आणि तू काढू देणार होतीस."

मला रडू आलं. त्यांनी माझं पातळ सारखं केलं, पाणी दिलं. म्हणाल्या, बाईंना मी सांगते, ते माझं काम. पण तुझी सासू बाहेर बसली आहे, तिला तू सांगायचंस.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तपासलं. रागावल्या नाहीत. कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या, एवढंच. ऑपरेशन रद्द केलं. म्हणाल्या, मूळव्याध दिसते आहे, बरीच वाढलेली, पण एवढं रक्त आणि एवढं वजन गेलं आहे तर आतून दुर्बिणीने बघायला हवं, दुसरं काही नाही ना याची खात्री करायला हवी. दुसरं काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

*

सासूबाई बाकावर पेजेचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले, एका कुशीवर जोर देऊन, जशी तीन वर्षं बसत होते. सांगितलं. त्यांना आधी कळेना.

"म्हंजे तू बाहेरची न्हवतीस?"

"नाही."

"गणपतीत?"

"नाही."

"माझ्या भावाच्या नातवाच्या बारशाला तू मागं राहिलीस, तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

बोटांवर मोजत त्या एकेक दिवस विचारत गेल्या. मला वाटलं, देवाधर्माचं काढतील. ते काढलं नाही.

म्हणाल्या, "माझं गुडघं बघत होतीस ना पडवीतनं? भिंत धरून उठायची मी. बघत होतीस ना?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि त्या उठून पायरीवर जाऊन बसल्या. घरी येईपर्यंत आणि त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. प्राचीकरवी सांगायच्या. तुझ्या आयशीला सांग, पाणी तापलं.

*

ह्यांना मी फोनवर सांगितलं, पडवीत जाऊन, पदर तोंडावर धरून. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "एवढंच? अगं, आमच्या यार्डात निम्म्या ड्रायव्हरांना कोंब हाय. एक जण सीटवर टायरची ट्यूब घालून बसतो, त्याला सगळे हवाभरे म्हणतात. मला सांगायचंस ना."

मी म्हटलं, फोन प्राचीजवळ असतो, कसं सांगू.

मी तीन वर्षं ज्याच्यामुळे मरत होते त्याच्यावर हे लोक चहा पिताना हसत होते. मला राग आला, पण कुणाचा ते कळलं नाही. गंमत म्हणजे याच माणसाने स्वतःच्या भावाला माझं पोटाचं ऑपरेशन आहे असं सांगितलं.

त्यांनी पनवेलला एक दवाखाना बघितला, यार्डापासून जवळ पडेल असा. डॉक्टर पुरुष. मी दारातच थबकले. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "ताई, सकाळपासून मी हेच बघतोय. तुमच्या आधी एक मास्तर होते, त्यांच्या आधी एक पोलीस. या, बसू नका, सरळ आडव्या व्हा." सोबत एक बाई उभी होती, अंगावर चादर होती. दोन मिनिटांत झालं. ज्या दोन मिनिटांना मी तीन वर्षं भीत होते ती तेवढीच होती.

त्यांनीही तेच सांगितलं. मूळव्याध आहे, ऑपरेशन लागेल, पण आधी दुर्बीण. तपासणी, रक्त, ऑपरेशन, औषधं मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून हे खिडकीबाहेर बघायला लागले. उचल संपली होती. माझ्या कानातलं विकून पहिली तपासणी भागणार होती, पुढचं नाही.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी सासूबाई एसटीने एकट्या पनवेलला आल्या. त्या गुडघ्यांनी. माझ्या दिराच्या खोलीवर आम्ही उतरलो होतो. त्यांनी पोलक्यातून कापडाची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या.

"हे माझ्या दहाव्या-तेराव्याचे हायत. बेचाळीस हजार."

सासरे गेले तेव्हा त्यांच्या कार्याला ह्यांच्या चुलत्यांकडून पैसे घ्यावे लागले होते आणि चुलत्यांनी ते पंगतीत चार लोकांसमोर बोलून दाखवले होते. तेव्हापासून सासूबाई परसातल्या पोफळींची सुपारी विकून स्वतःच्या कार्याचे पैसे साठवत होत्या. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यांना हात लावत नव्हतं. मागे एकदा हे आजारी पडले तेव्हाही लावला नव्हता.

मी म्हटलं, आई, हे नको.

"नको कसं? मरशील न् मग प्राचीला कोण बघंल, मी? या पायांनी?" मग पुडी माझ्याकडे सरकवली. "दिलेले न्हायत. उसने हायत. मी मरायच्या आत परत पायजेत. चुलत्यांच्या घरात माझ्यासाठी हात पसरलेला मला चालायचा न्हाय."

*

दुर्बिणीत आतड्यात एक बारकी गाठ सापडली. डॉक्टरांनी ती काढून तपासणीला पाठवली. म्हणाले, बहुतेक साधीच असेल, पण कागद आल्याशिवाय मी शब्द देत नाही. कागद यायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांबद्दल फार लिहिता येत नाही. चुलीपाशी काम करताना प्राचीकडे बघायची, ती नववीत होती, वेणी अजून माझ्याकडून घालून घ्यायची. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं, अगदी सगळं, वेणी घालता घालता, म्हणजे तोंडाकडे बघायला नको.

ती म्हणाली, "मला वाटायचं तू आत रडायला जातेस."

मी म्हटलं, "ते पण."

तिने मागे हात घालून माझा हात धरला आणि वेणी अर्धीच राहिली.

सासूबाई बोलत होत्या पण कामापुरतं. एके दिवशी भाकरी थापताना पाठमोऱ्या म्हणाल्या, कागद कसाबी येवो, आता खोटं न्हाय बोलायचं. मी बरं म्हटलं.

कागद आला. गाठ साधी. डॉक्टरांनी दोनदा वाचून दाखवलं. हे बाहेर जाऊन टपरीवर उभे राहिले, आणि मी तिथेच खुर्चीवर रडले. खुर्चीवर बसून दुखतं आहे हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

*

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं. ते दुखलं नाही. त्यानंतरचं दुखलं. कुणी सांगेल की काहीच होत नाही, तर ते खरं नाही. पण मोजता येतील एवढेच दिवस होते, आणि प्रत्येक दिवस आधीच्या दिवसापेक्षा थोडा कमी.

खरी भीती पहिल्या संडासची. दोन दिवस मी पोट साफ व्हायचं औषध घेते म्हणायची आणि अर्धंच घ्यायची. शेजारच्या पलंगावर उरणकडची एक कोळीण म्हातारी होती, तिचंही तेच ऑपरेशन, माझ्या एक दिवस आधी. ती सगळं मोठ्याने बोलायची. भेटायला आलेल्या पुरुषांनाही काय झालं, कुठे झालं, टाके किती, सगळं सांगायची. मी चादर डोक्यावर घ्यायची. तिने माझं औषध बघितलं आणि म्हणाली, "ए बाय, पुरतं पी. पहिल्या वेळेला देवाचं नाव घे. दुसऱ्या वेळेला डाक्टरच्या आयशीचं घे. तिसऱ्या वेळेला कुणाचं घ्यावं लागत न्हाय."

मी पुरतं प्यायले. तसंच झालं. डॉक्टरांच्या आईची मनातल्या मनात माफी मागितली.

कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं होतं, दिवसातून तीन वेळा. तो टब म्हणजे माझ्यासाठी देवच. दवाखान्यात एक मामी पाणी आणून द्यायची, बोट घालून जास्त कढत नाही ना बघायची आणि दाराबाहेर उभी राहून कुणी येऊ नये म्हणून बघायची. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

*

घरी आल्यावर जे पाळते ते लिहिते, उपयोग झाला तर. पाणी भरपूर पिते, तांब्या जवळ असतो. पालेभाजी, पपई, रोज झोपताना इसबगोल. नुसत्या भातावर राहत नाही. संडासात बसून राहत नाही, जोर करत नाही. झालं तर झालं, नाही तर उठून येते. आग झाली की कोमट पाण्यात बसते. एका जागी मांडी घालून तासभर बसत नाही. अजूनही मधूनच त्रास होतो, पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

आणि एक. रक्त दिसलं तर ते कोंबाचंच असेल असं घरच्या घरी ठरवू नये. उष्णतेचं, पाळीचं, कशाचंच ठरवू नये. दाखवावं. माझं साधं निघालं, ते माझ्या हुशारीने नव्हे.

शालन एकदा विहिरीवर एकटी भेटली. तिला सांगितलं की त्या दिवशी तू विचारलंस ते तसं नव्हतं. ती कळशी भरायची थांबली, म्हणाली, अगं बाई, मग मी काय करून ठेवलं. मी म्हटलं, तू नाही, मीच. ती तेव्हापासून मला बघून जरा बाजूने जाते. एक मैत्रीण कमी झाली.

सुपारीचं काम सुटलं. मांडी घालून दिवसभर बसणं आता जमणारच नाही. मग उसने पैसे कसे फेडायचे. श्रीवर्धनच्या समुद्रावर फिरायला येणाऱ्या लोकांसाठी आमच्या वाटेवर एकाने खोल्या बांधल्या आहेत, जेवण देतो. त्याला तांदळाच्या भाकऱ्या करणारी बाई हवी होती. ओटा उंच, काम उभ्याने. मी विचारायला गेले तर तिथे तीन पुरुष उभे होते. मी परत फिरले नाही. विचारलं.

पहिल्याच महिन्यात पाळी आली. खरी. मी सासूबाईंना सांगितलं आणि मागे जाऊन बसले. आता कामाला कशी जाऊ, अशी पंचाईत. त्याच म्हणाल्या,

"भाकऱ्या त्यांच्या ओट्यावर व्हतात. आपल्या चुलीवर न्हाय. जा."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी त्यांनी विचारणंच सोडलं. मीही सांगत नाही. आता यात खोटं काही नाही.

*

महिन्याला कधी हजार, कधी दोन हजार, पावसात काहीच नाही. सासूबाई विचारायच्या, किती राहिले? त्यांना पुरतं माहीत असायचं, तरी विचारायच्या.

मागच्या थंडीत त्यांना ताप भरला, छातीत कफ झाला. चार दिवस उठल्या नाहीत. तेव्हा अकरा हजार राहिले होते. मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते आणि मनात म्हणत होते, देवा, माझे पैसे फिटेपर्यंत यांना ठेव. मग माझं मलाच ऐकू आलं, मी काय मागते आहे ते. सासू जगावी असं मागावं, तर ते पैशांसाठी. मी उठून बाहेर गेले, हात धुतले, परत येऊन नीट मागितलं.

त्या उठल्या. पहिल्यासारख्या नाही. आता काठी लागते. मी ओट्यावर स्वयंपाक करते, चूल फक्त अंघोळीच्या पाण्याची.

गेल्या सोमवारी मी शेवटचे दीड हजार दिले. सासूबाई दारात उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी आत जाऊन पुडी आणायला सांगितली, मांडीवर सोडली आणि सगळे परत मोजले, बोटाला थुंकी लावून, आवाज न करता. मी उभी होते. मधेच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"बरोबर हायत," म्हणाल्या. पुडीला गाठ मारली. मग उन्हाकडे बघत, "आता मेले तरी माझी काय हरकत न्हाय."

मी कधी त्यांना उलट बोलत नाही. तोंडातून कसं आलं कळलं नाही. म्हटलं, "आई, घाई नको. परत काय झालं तर मी उसने कुणाकडून आणू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसल्या, गुडघा हाताने दाबून धरत, कारण हसताना अंग हललं की त्यांना तिथे दुखतं. पुडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, जागेवर ठेव.

ठेवली. बेचाळीस हजार, पुरे.